चिंचेनं घासलेला भोंगा

परवा आसनगाव स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. समोरून एक म्हातारी डोक्यावर भाजीची टोपली घेऊन सावकाश चालली होती आणि हा बाबा तिच्या मागे हॉर्नवर अंगठा दाबून बसलेला. म्हातारी दचकली, टोपली कलंडता कलंडता राहिली, तशी माझी सटकली.

"ए, बहिरी हाय का ती? का अंगठा चिकटलाय तुझा?"

"काका, टाइम नाय. फास्ट पकडायचीय पॅसेंजरला."

"मला टाइम शिकवू नको. आख्खी जवानी ट्रक हाकलाय मी."

चार लोकांनी मला धरून बाजूला नेलं म्हणून बरं. घरी आलो तरी माझी बडबड चालूच होती. बायकोनं पाणी दिलं आणि म्हणाली, "झाला का भांडून?" तिनं कारण विचारलं नाही, कारण ते तिला ठाऊक आहे. मला हॉर्नचा राग नाही. फुकट वाजवलेल्या हॉर्नचा आहे. आणि तो रागही मूळचा माझा नाही, दादाकडून आलेला आहे.

मी तेव्हा शहापूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डायवर होतो. कंपनी म्हणजे काय, तर हायवेला लागून पत्र्याची शेड, थोड्या जुन्या गाड्या आणि बाराही महिने घामाघूम असलेला शेठ. आमचा धंदा पेंढ्याचा आणि गवताचा. भातं झोडून झाली की शहापूर-मुरबाडच्या खेड्यापाड्यांतून पेंढा भरायचा आणि मुंबईकडच्या तबेल्यांत नेऊन उतरवायचा. बाकीच्या दिवसांत विटा, कौलं, मीठ, मिळेल ते. पेंढा भरलेला ट्रक मागून बघितला तर ट्रक दिसतच नाही, नुसती एक गंजी रस्त्यानं डुलत चाललेली दिसते.

दादा त्याच कंपनीत डायवर होता. माझा सख्खा भाऊ नव्हे, सगळेच त्याला दादा म्हणायचे. मुरबाडच्या पुढं वैशाखरे गाव आहे, तिकडचा माणूस. माझ्याहून बराच मोठा, उंच, वाळका, कानावर कायम एक बिडी खोचलेली. गाडीत पेंढा असला की ती बिडी तो पेटवायचा नाही, नुसती चावत बसायचा. त्यामुळे तंबाखू कमी आणि पानच जास्त त्याच्या पोटात जायचं. बोलणं मोजकं. पण गाडीशी, बैलांशी, रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशींशी मात्र भरपूर बोलायचा. माणसांशी बोलायचं राहिलेलं सगळं तिकडं काढत असावा.

त्याच्या गाडीचा बॅटरीवरचा हॉर्न केव्हाच मेला होता आणि शेठला त्याची फिकीर नव्हती. दुसरा होता तो दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला लावलेला जुना पितळी भोंगा. मागे रबरी फुगा, पुढे फुलासारखं तोंड. हात बाहेर काढून फुगा दाबला की पों करणारा. हा भोंगा दादा रोज सकाळी चिंचेनं घासायचा. बायका देवाची समई घासतात तसा. सोन्यासारखा चमकायचा तो. रबराला चीर पडली की स्वतः कल्याणला जाऊन नवा फुगा आणायचा. एवढे लाड, पण वाजवायचा मात्र नाही.

म्हणजे कमी वाजवायचा असं नाही. वाजवायचाच नाही! मी कंपनीत लागलो त्याच्या आधीची जुनी माणसंसुद्धा सांगायची की आम्ही त्याचा आवाज ऐकला नाही. फुगा चालतोय का ते बघायची त्याची एक तऱ्हा होती. भोंग्याच्या तोंडाशी डावा तळहात धरायचा आणि उजव्या हातानं फुगा अगदी हळू दाबायचा. आवाज निघायचा नाही, नुसता वारा तळहाताला लागायचा. "हां, हाय," म्हणायचा आणि गाडीत चढायचा.

त्याच्या गाडीला सगळा मुलूख 'मुकी' म्हणायचा. मुरबाडच्या नाक्यावरचा चहावाला विचारायचा, "मुकी गेली का रे वर?" बैलगाडीवाले सांगायचे, "मुकीच्या पुढं होतो आज, झोप काढली मस्त." कारण दादा बैलगाडीला ओलांडून जायचा नाही. समोर बैलगाडी आली की पहिल्या गिअरात तिच्या मागं. गाडीवाल्यानं आपणहून बाजूला घेतली तर पुढं जायचं, नाहीतर चाललंय तसं चाललंय. मागं आमची रांग. आम्ही सगळे हॉर्न बडवतोय, शिव्या घालतोय, आणि पुढं हा खिडकीतून मान काढून गाडीवाल्याला विचारतोय, "बैल कुठला घेतला रे? म्हशाच्या बाजारातला का?"

एकदा टोकावड्याच्या पुढं एक म्हैस रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली. दादानं इंजिन बंद केलं, उतरला, तिच्या कपाळाला खाजवलं आणि म्हणाला, "उठतंस का गो बाय? शेठ ओरडंल मना." म्हैस कसली उठतेय! तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. मी मागून येऊन बोंब मारली, "दादा, एकदा फुगा दाब ना! तिची आय घाबरून पळंल!" तो म्हणाला, "तेच तर. घाबरून उठली तर उठली काय आन नाय काय." शेवटी तिच्या मर्जीनं ती उठली तेव्हा आम्ही हललो.

न वाजवण्याचं कारण विचारलं तर प्रत्येकाला निराळं सांगायचा. शेठला सांगितलं होतं, रबर लवकर झिजतं. ट्रॅफिक पोलिसाला, "बिघडलाय साहेब." एका लहान पोराला सांगितलं, आत चिमणी झोपलीय. मला म्हणाला, बैलाचे कान केवढे असतात बघितलेस का, त्याला केवढ्यानं ऐकू येत असंल? आणि वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, म्हणाला होता, "घरात तुझा पुरतो, बाहेर आनखी कशाला?" त्यावर वहिनींनी त्याला दोन दिवस नुसता भात वाढला, आमटी नाही.

गाडीच्या पासिंगला तर कमाल केली होती त्यानं. आरटीओच्या साहेबानं सगळं तपासलं, दिवे, ब्रेक, टायर. म्हणाला, हॉर्न वाजवा. दादानं मैदानभर नजर फिरवली आणि विचारलं, "कुनासाठी साहेब? मधे कुनीच नाय."

"अहो, चालतो का नाही ते बघायचंय."

"मग हात धरा."

मी शेजारी माझी गाडी घेऊन उभा होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. साहेब आधी लाल झाला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं भोंग्याच्या तोंडाशी खरोखरच तळहात धरला. दादानं फुगा हळूच दाबला. साहेबाच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की सांगितलं तर खोटं वाटेल. "आहे," तो म्हणाला आणि सही ठोकली. आम्ही त्याची आठवडाभर टर उडवली, की दादानं वारा पास करून आणला.

मी त्याची सगळ्यात जास्त चेष्टा करायचो हे आता सांगतो. राग मनात नव्हता. आमच्यात तसं चालायचंच. तो पण मला कमी टोमणे मारायचा नाही. "याचा हॉर्न पुढं, गाडी मागं," म्हणायचा. "हा घरातून निघाला की नाक्यावर कळतं, आन नाक्यावर पोचला तरी कुनी हलत नाय."

आता म्हशाच्या जत्रेचं सांगतो. म्हसा हे मुरबाड तालुक्यातलं गाव. पौषात तिथं जत्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार. बैल घ्यायला-विकायला कुठून कुठून लोक येतात, घोंगड्यांची दुकानं लागतात, पाळणे लागतात. रस्त्यावर बैलगाड्या, माणसं आणि जनावरं यांच्याशिवाय काही दिसत नाही. जत्रेच्या दिवसांत शहाणा डायवर त्या रस्त्याला फिरकत नाही. पण तबेलेवाल्यांनी शेठच्या मागं टुमणं लावलं होतं आणि शेठनं आमच्या. सिद्धगडाच्या पायथ्याला एका गावात पेंढा तयार होता. "पहाटे पहाटे जा आणि बाजार भरायच्या आत बाहेर पडा," शेठ म्हणाला. मी आणि दादा दोन गाड्या घेऊन गेलो. गेलो वेळेवर, पण पेंढा भरता भरता उन्हं वर आली.

माझी गाडी भरून झाली होती. दादाची अर्धी झाली होती. माणसं कमी होती म्हणून मीही हात लावत होतो. रचून ठेवलेल्या उडवीतून पेंढ्याचा भारा ओढायला मी हात आत घातला आणि मनगटाला चटका बसला. काटा असेल म्हणून हात बाहेर काढला तर रक्ताचे दोन टिपके. आणि भाऱ्याखालून नाग सरळ बांधाकडे निघून गेला. फणा काढला नाही, काही नाही. जाताना मात्र सगळ्यांनी बघितला.

मी मनगट धरून खाली बसलो. मग सगळे एकदम बोलायला लागले. "भगताकडं न्या! तो विष उतरवंल!" दोघांनी मला उचललंसुद्धा. दादा गाडीवरून उडी मारून खाली आला आणि त्यांच्या हातातून मला काढून घेतलं.

"भगत कुठं हाय?"

"जत्रंला गेलाय."

"मग जत्रंतून त्याला शोधून आणंस्तवर हा राहील का? मुरबाडला डाक्तर हाय. विषावरची सुई त्याच्याकडं हाय."

एक म्हातारा म्हणाला, "पन जत्रा मधी हाय रे. गाडी जायची नाय."

दादा तोवर गाडीवर चढला होता. त्यानं कोयत्यानं आपल्या गाडीचा दोर तोडला. माणसांनी अर्धा भरलेला पेंढा धडाधड खाली ढकलला. मला केबिनमध्ये बसवलं आणि त्याच दोरानं सीटला बांधलं, मी कलंडू नये म्हणून. बांधताना म्हणाला, "झोपू नको. मना शिव्या दे. रोज देतंस तशा."

मी दिल्या थोड्या. मग जीभ जड झाली. पापण्या खाली यायला लागल्या आणि वर काही जाईनात. लग्नाला माझ्या वर्ष झालं नव्हतं. बायको माहेरी गेली होती आणि मी तिला आणायला जाणार होतो. तेवढंच डोक्यात फिरत होतं, की आता तिला आणायला कोण जाईल. डोळे मिटले, हातपाय गेले, पण कान मात्र लख्ख जागे होते. खोटं सांगत नाही, सगळं ऐकू येत होतं मला. खडी टायरखाली फुटत होती ती, दादा दातांत बिडी चावत होता ते, सगळं.

मग जत्रेचा कालवा ऐकू आला. बैलांच्या घुंगरमाळा, पिपाण्या, "हल बाजूला" म्हणणारे लोक. गाडीचा वेग कमी झाला. अजून कमी झाला. पहिला गिअर. मला कळलं, पुढं बैलगाड्या आहेत. आणि मला हेही माहीत होतं की दादा बैलगाडीच्या मागं काय करतो. मनातल्या मनात मी हंबरडा फोडला. तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

तेव्हा दादाचा हात बाहेर गेला आणि भोंगा वाजला.

काय तो आवाज! पों नव्हे. घोगरा, लांब, खोलवरून आलेला. एखादा म्हातारा रेडा रानातून ओरडावा तसा. एकदा वाजला, आणि त्या सगळ्या कालव्यात एक खळगा पडला. कुणीतरी जवळून ओरडलं, "मुकी हाय ही! मुकी बोलली!" दुसरा पुढून ओरडला, "मुकी बोलली रे! काय तरी झालंय! रस्ता सोडा!" ती हाक गाडीच्या पुढं पळत गेली. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. "मुकी बोलली! बाजूला घ्या!" लाकडी चाकं करकरत रस्त्याखाली उतरल्याचं मी ऐकलं. "हो हो हो" करून बैल आवरल्याचं ऐकलं. दादानं भोंगा पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि गाडीचा वेग वाढत गेला. दुसऱ्या गिअरात गेली, तिसऱ्यात गेली. म्हशाच्या जत्रेत तिसरा गिअर! आजही कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडं बघून हसतो.

मी काही पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून नंतर पुष्कळदा ऐकलं. गाडीवाल्यांनी गाड्या सरळ शेतात घातल्या होत्या. एक गाडी बांधावरून उलटलीसुद्धा, पण गाडीवान तिच्याकडं न बघता पुढच्यांना हात करत होता. घोंगडीवाल्यांनी दुकानं गुंडाळून पोटाशी धरली होती. आणि दोन्ही बाजूंना लोक बैलांच्या वेसणी धरून उभे होते, काहींनी तर आपल्या हातांनी बैलांचे कान झाकले होते. मला हे सांगणारा स्वतः बैलाचे कान धरून उभा होता. म्हणाला, "त्यानं आमच्या बैलांचे कान एवढी वरसं सांभाळले, त्या दिवशी आमी सांभाळले."

मुरबाडच्या दवाखान्यात सुई होती, पण माझा श्वास बंद पडत चालला होता. तेव्हा आजच्यासारखी मशिनं नव्हती. एक रबरी फुगा होता. तोंडावर धरायचा आणि दाबायचा, म्हणजे पेशंटच्या छातीत वारा जातो. डॉक्टरनं तो थोडा वेळ दाबला, मग नर्सनं दाबला. पण बाहेर जत्रेतले दुसरे पेशंट येऊन पडले होते. डॉक्टर दादाला म्हणाला, "तुम्ही दाबाल का? तुम्ही श्वास घेता तसाच दाबायचा. थांबायचं नाही. सुई चढेपर्यंत हाच याचा श्वास आहे."

आणि दादा फुगा दाबत बसला. ज्या माणसानं त्या दिवसापर्यंत भोंग्याचा फुगा कधी जोरानं दाबला नाही त्यानं. दुपार गेली, उन्हं कलली, माझी माणसं येऊन पोचली, कुणी म्हणालं मी दाबतो, तर त्यानं मानेनंच नाही म्हटलं. आधी तो स्वतः श्वास घ्यायचा आणि मग मला द्यायचा. त्याच्या छातीतून निघालेला वारा माझ्या छातीत जात होता असंच मला वाटत राहिलं. माझी पापणी पहिल्यांदा उघडली तेव्हा खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं आणि समोर त्याचा हात होता. उघडतोय, मिटतोय. मला देव दिसला असं मी म्हणत नाही. पण त्याहून कमी काही दिसलं नाही.

बोलता यायला लागलं तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "दादा, एवढी वरसं का नाय वाजवला?"

तो म्हणाला, "त्या दिवशी सगल्यांनी ऐकला ना? बस."

मी बरा होऊन घरी आल्यावर कळलं की जत्रा उठायच्या आत तो गूळ घेऊन म्हशाला परत गेला होता. ज्यांनी गाड्या शेतात घातल्या होत्या त्यांना शोधत फिरला. प्रत्येक बैलाला गुळाचा खडा दिला आणि म्हणाला, "तरास दिला रे तुमाला." उलटलेल्या गाडीचं जू मोडलं होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं नवीन करून दिलं. आणि भोंगा पुन्हा मुका झाला. रोज चिंच, रोज तळहातावर वारा, आवाज नाही. पण त्यानंतर मुरबाडच्या रस्त्याला त्याची चेष्टा कुणी केली नाही. मी तर नाहीच नाही.

कंपनी पुढं बंद पडली. गाड्या भंगारात गेल्या. शेठ म्हणाला, काय पाहिजे ते ने, तर दादानं भोंगा तेवढा काढून नेला. मी शहापुरात राहिलो, तो गावी शेती बघायला लागला. वर्षातून एक-दोनदा एसटीनं वैशाखऱ्याला उतरायचं आणि त्याच्याकडं जेवायचं हे मी सोडलं नाही.

मग दादाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चांगला होता. वहिनी घरात, गोठ्यात, शेतात एकट्या. त्यांनी भोंगा खुंटीवरून काढला आणि त्याच्या खाटेला डाव्या हाताशी बांधला. पाणी लागलं, काही लागलं, तर वाजवा म्हणून. मी गेलो तर वहिनी माझ्यावरच तापल्या.

"तुमीच सांगा आता, भाऊजी! हाताशी बांधून दिलाय. तहानेनं ओठ सुकतात, पन वाजवंल तर शपथ. मी आपली मेली आत-बाहेर करतेय, याला काय पायजे म्हणून."

दादा खाटेवरून अर्ध्या तोंडानं हसत होता. मी म्हटलं, "दादा, आता तरी वाजव. इथं कुठं बैल हाय?" त्यानं डोळ्यांनी गोठ्याकडं दाखवलं. होते की तिथं दोन. वहिनीसुद्धा हसल्या मग. भोंगा मात्र लखलखत होता. चिंच आता वहिनीच लावायच्या, त्यानं डाव्या हातानं 'बस' असं खुणावल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती.

तो एकदा वाजवला त्यानं. वहिनी चुलीपुढं चक्कर येऊन पडल्या तेव्हा. त्याला उठता येत नाही, ओरडता येत नाही. भोंगा असा काही वाजला की शेतातली माणसं हातातलं टाकून धावत आली. तिथल्या तरण्या पोरांनी मुकी गाडी बघितलेली नाही, पण गोष्ट ऐकलेली होती. वहिनींचा पदर चुलीला लागायच्या बेतात होता. जीपमध्ये घालून त्यांना मुरबाडला नेलं आणि त्या वाचल्या. मला फोन आला तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "भोंग्यानं वाचवलेले आता दोघं झालो!" बायकोला काही कळेना, मी हसतोय का रडतोय ते.

दादा गेला तो गेल्या आवणीच्या दिवसांत. दुपारी. वहिनी सकाळभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. त्या येऊन जेवल्या आणि त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर अंग टाकलं. उठल्या तेव्हा तो गेलेला होता. मी पोचलो तोवर सगळं उरकून माणसं पांगली होती. वहिनी ओटीवर बसल्या होत्या, डोळे कोरडे. मला बघून त्यांनी बसा म्हटलं नाही, या म्हटलं नाही. एकच विचारलं.

"भाऊजी, तो बिघडला असंल का?"

मला कळेना.

"भोंगा. त्याचा हात फुग्यावर व्हता. बोटं फुग्यावरच व्हती. मी इथं खाली, एवढ्यावर. वाजला असता तर मी उठले असते. पानी तरी तोंडात घातला असता. वाजला नाय. बिघडलाच असंल ना? तुमाला गाडीतला कळतं, तुमी बघून सांगा."

खाट अजून तिथंच होती. भोंगा बांधलेला होता. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांना काय ऐकायचंय ते मला स्वच्छ कळत होतं. बिघडलाय म्हटलं असतं तर काय जाणार होतं माझं? मी भोंग्याच्या तोंडाशी डावा तळहात धरला आणि फुगा हळूच दाबला. वारा आला. तळहातभर आला. त्या वाऱ्यावर मी जगलो होतो, माझ्यानं खोटं बोलवेना.

"चांगला हाय, वहिनी," मी म्हणालो.

त्या उठून खाटेपाशी आल्या. मग एकदम भोंग्याकडं बघून ओरडल्या, "मेल्या! माझी झोप मोडंल म्हणून गप रायलास?" आणि तेव्हा कुठं त्या रडायला लागल्या.